कुमुदची इम्पाला

बातमी फोनवर आली. मी कामावर निघायच्या घाईत होते, एका हातात डबा, दुसऱ्या हातात किल्ल्या, आणि पलीकडून रश्मी, कुमुदची मुलगी, एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली... शी नेव्हर वोक अप." आदल्या दुपारी स्वयंपाकघरात ती कोसळली होती, मेंदूत रक्तस्राव झाला आणि हॉस्पिटलात पोचल्यावर तिला शुद्ध आलीच नाही. मी डबा ओट्यावर ठेवला आणि तशीच त्यांच्या घरी गेले. शिकागोच्या या उपनगरात आमची घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि या देशात आल्यापासून मला मैत्रीण म्हणावी अशी ती एकच होती. रडून झालं, भेटायला येणारे येऊन गेले, दिवसपाणीसुद्धा इथल्या रिवाजाप्रमाणे शनिवार गाठून उरकलं. काही आठवडे उलटलेत. दुःख कमी झालंय असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या शेजारी संताप येऊन बसलाय आणि तो उठायचं नाव घेत नाही. हे मी त्या संतापातच लिहिते आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

पहिला राग आमच्या मराठी मंडळावर. शोकसभेत जो उठला तो म्हणाला, कुमुदताई म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. अहो, कसली अन्नपूर्णा? तिच्या आमटीत डाळ शोधावी लागायची आणि पोळ्यांची थट्टा आम्ही तिच्या तोंडावर करायचो, तीही त्यात सामील व्हायची. गावातले सगळे बिघडलेले प्रेशर कुकर ती दुरुस्त करून द्यायची, पण त्या कुकरात स्वतः काय शिजवायची हे न बोललेलंच बरं. पण मेलेल्या बाईला सुगरण म्हटल्याशिवाय आपल्या लोकांना सभा आवरता येत नाही. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "शरदरावांच्या मोटारीच्या वेडाला वहिनींनी कधी नाक मुरडलं नाही, हा केवढा मोठेपणा." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शरदराव, म्हणजे कुमुदचे यजमान, समोरच बसले होते. ते हात जोडून ऐकत होते.

कारण ते वेड शरदरावांचं नव्हतं. गॅरेजमधली ती फिकट निळी, चौसष्ट सालची इम्पाला कुमुदनं आणली, कुमुदनं उघडली, कुमुदनं जोडली. आणि शोकसभेनंतर आठवडाभरात मला कळलं की शरदरावांनी ती जुन्या गाड्यांच्या क्लबला द्यायचं कबूल केलंय. क्लबच्या हॉलमध्ये ती कायमची उभी राहणार, आणि शेजारी पितळी पाटी, शरदरावांनी ही गाडी पुन्हा उभी केली अशी. गाडी गेली असती तर गेली असती, शेवटी लोखंडच ते. पण तिच्याबरोबर कुमुदनं केलेलं सगळं दुसऱ्याच्या नावावर चढणार होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

कुमुद मूळची मिरजेची. वडील डॉक्टर, आसपासच्या खेड्यांत व्हिजिटला जायचे, आणि त्यांची जुनी मोटार हटकून अर्ध्या वाटेत बसायची. बरोबर गेलेली कुमुद आधी नुसते पाने हातात द्यायची, मग स्वतःच फिरवायला लागली, कारण वडिलांना माणसांची नाडी कळायची, मोटारीची नाही. ती कॉलेजात असताना गावात कुणा बड्या असामीची इम्पाला आली. आत कोण बसलंय ते बघायला सगळं गाव पुढून लोटलं, ही मागं जाऊन उभी राहिली. मागं दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल लाल दिवे असतात त्या गाडीला. "नले, आत कोण होतं ते मला आजतागायत माहीत नाही," ती मला सांगायची, "पण ब्रेक लागला, सगळे दिवे एकदम लागले, आणि माझं ठरलं." काय ठरलं म्हणून विचारलं तर म्हणायची, ते तेव्हा कुठं कळलं होतं...

इथं आल्यावर तेलाची टंचाई झाली. पंपावर रांगा लागल्या आणि आपल्या मंडळींनी भराभर छोट्या जपानी गाड्या घेतल्या. त्याच दिवसांत कुमुदनं, ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या परसात ताडपत्रीखाली पडलेली इम्पाला ओढून घरी आणली. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात ना, त्या मिठानं गाडीचा तळ खाल्ला होता. आत बसलं की पायाखाली जमीन दिसायची. सगळे हसले. शरदराव इन्शुरन्सच्या ऑफिसात आकडेमोड करणारे, ते त्या गाडीजवळ सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखे हात बांधून उभे राहायचे. ही मात्र कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वेल्डिंगच्या वर्गात जाऊन बसली. शिक्षकानं सांगितलं, बाई, शिवणाचा वर्ग समोरच्या खोलीत. ही म्हणाली, मला शिवणच शिकायचंय, फक्त पत्र्याचं. शरदरावांची जुनी पँट नाड्यानं आवळून ती गॅरेजच्या फरशीवर उताणी पडायची आणि तळ जोडायची. डेव्हनवर, म्हणजे शिकागोतल्या आपल्या देशी बाजारात, आम्ही दोघी खरेदीला जायचो, तर मला साड्यांच्या दुकानात सोडून ही वाटेतल्या भंगाराच्या आवारात गडप. तासाभरानं यायची ती गाडीची काच खालीवर करायचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हँडल घेऊन, आणि माझ्या हातातल्या साडीपेक्षा तिच्या हातातल्या हँडलचा आनंद मोठा असायचा.

गाडी रस्त्यावर आली आणि ते दोघं त्या क्लबमध्ये जायला लागले. उन्हाळ्यातल्या रविवारी एका हॅम्बर्गरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये ही मंडळी जमतात, घडीच्या खुर्च्या टाकतात आणि इम्पालाच्या आठवणी काढतात. कुणाच्या वडिलांनी पहिली गाडी घेतली तेव्हा शेजाऱ्यांची तोंडं कशी झाली, कुणी मागच्या सीटवर बसून लग्नाचं विचारलं, कुणाचा भाऊ गाडी ताडपत्रीखाली ठेवून व्हिएतनामला गेला तो आलाच नाही. कुमुदला हे ऐकायला फार आवडायचं. मिरजेतली ती आठवण मात्र तिनं तिथं कधी सांगितली नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही.

पहिल्याच दिवशी क्लबचा अध्यक्ष वॉल्टर आला, चांगला उंचापुरा, हसतमुख म्हातारा. त्यानं शरदरावांना विचारलं, कार्ब्युरेटर मूळचाच का? उत्तर कुमुदनं दिलं, स्वच्छ इंग्रजीत. त्यानं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न पुन्हा शरदरावांना विचारला. तिनं पुन्हा उत्तर दिलं, त्यानं पुन्हा शरदरावांकडेच पाहिलं. वाईट माणूस नव्हे तो, पण बाईच्या तोंडून इंजिन त्याच्या कानात शिरतच नव्हतं. तेव्हापासून या नवराबायकोनं एक पद्धतच पाडली. कुणी काही विचारलं की कुमुद दुसरीकडे बघत मराठीत म्हणायची, "अहो, सांगा त्याला, दरवाजाची आतली बाजू मूळचीच आहे, फक्त क्लिपा नव्या." मग शरदराव घसा साफ करून तेच गंभीरपणे इंग्रजीत सांगायचे. परीक्षक गाड्या तपासायला यायचे तेव्हाही हेच. बघणाऱ्याला वाटायचं, बायको घरी जायची घाई करतेय. गाडी चालवत तीच आणायची, त्यावरही मंडळी म्हणायची, शरद बायकोचे किती लाड करतो. ट्रॉफी मिळायची, तिच्यावर शरदरावांचं नाव, आणि घरी जाईपर्यंत दोघं हसून हसून बेजार.

मी नाही हसले कधी. "आयत्या बिळावर नागोबा," मी एकदा शरदरावांच्या देखत म्हटलं, तर ते चहाचे कप आवरायला उठून गेले. कुमुद माझ्यावरच वैतागली. "अगं, ते तिकडं बोलत बसतात म्हणून मला इकडं बॉनेटखाली निवांत डोकं घालता येतं. सगळा रविवार भांडण्यात गेला तर गॅस्केट कधी बदलू?" मला तिचं तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. कामही तिनंच करायचं आणि दुसऱ्याचं अज्ञानही तिनंच सांभाळायचं, हा कुठला न्याय?

पाटीचं कळल्यावर मी तडक शरदरावांना गाठलं. ते गॅरेजच्या दारात उभे होते, आत जात नव्हते. मी म्हटलं, "शरदराव, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" इतकं तिखट बोलायचं नव्हतं, पण बोलले, आणि मागं घेणार नाही.  ते म्हणाले, "नलूताई, ही रीत तिनंच पाडली होती. ती नाही म्हणून मी मोडू?" मी म्हटलं, तिनं सोय म्हणून पाडली होती, तुम्ही ती पितळेवर कोरायला निघालात. आतून रश्मी आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, प्लीज. लेट हिम बी." मी निघून आले. घरी येऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

गाडी न्यायच्या रविवारी मी जाणारच नव्हते, पण घरात बसवेना. ड्राइव्हवेमध्ये क्लबची सगळी मंडळी जमली होती. गाडी बाहेर काढण्याआधी त्यांनी नेहमीसारख्या आठवणी काढल्या. वॉल्टरनं हॅट काढून छोटंसं भाषण केलं. अशा प्रत्येक गाडीमागं एक सोशीक बायको असते, असं म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. पाटी त्याच्या हातातच होती, मऊ कापडात गुंडाळलेली. मग एका सदस्यानं सहज विचारलं, हल्ली पंपांवर शिशाचं पेट्रोल मिळेनासं झालंय, जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह त्यामुळं झिजतात, तर शरद, तू यावर काय केलंस? शरदरावांनी मान डावीकडे वळवली आणि थांबले. त्यांच्या डावीकडे कुणी नव्हतं. मान तशीच वळलेली, उत्तराची वाट बघत... सगळ्यांना वाटलं त्यांना गहिवरून आलं. मला खरं काय ते दिसत होतं आणि मला राहवेना. मी मोठ्यानं म्हटलं, उत्तर तिला माहीत होतं, गाडी तिनं बांधली. वॉल्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाला, हो हो, तिची मदत मोठीच असणार.

मदत! मी त्याचा हात झटकला. तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, शरद, एकदा सुरू कर ना, शेवटचा आवाज ऐकू दे. शरदरावांनी दार उघडलं. सहा फुटी माणूस, आत शिरायला गेले तर गुडघे स्टिअरिंगवर आदळले. कसेबसे तिरके बसले. चावी लावली आणि पेडल भराभर दाबत सुटले. गार इंजिनाला ते चालत नाही, पेडल एकदाच दाबून सोडायचं असतं, नाही तर पेट्रोल आत तुंबतं. गाडी खोकली, पुन्हा खोकली, आणि गप्प झाली. सगळ्या ड्राइव्हवेभर पेट्रोलचा वास सुटला. त्या मंडळींना गाड्या कळतात. एकमेकांकडे बघायचंही कुणाला सुचेना.

शरदराव खाली उतरले. बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडलं आणि शेजारच्या जागेवर बसले. तिथंही गुडघे पुढच्या कप्प्याला टेकलेले, पाय दुमडलेले, पण तिथं ते सवयीनं बसले होते. या गाडीला पुढं एकच सलग सीट आहे. ती पुढं सरकली की दोघांचीही सरकते, आणि कुमुदची उंची जेमतेम पाच फूट. इतकी वर्षं हा माणूस तसाच आखडून बसत आला होता. काचेतून समोर बघत ते इंग्रजीत म्हणाले, "मला ही गाडी चालवता येत नाही, वॉल्टर. कधीच येत नव्हती. माझ्या बायकोनं बांधली, तीच चालवायची."

वॉल्टर स्टिअरिंगमागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. सीट आणि स्टिअरिंगमधलं ते वीतभर अंतर त्यालाही दिसलं असणार. गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला. काय करावं न सुचून, शरदरावांना तरी नीट बसता यावं म्हणून तो वाकला आणि सीट मागं सारायची कळ चाचपायला लागला. शरदरावांनी त्याचा हात धरला. "नको," ते म्हणाले, आणि ते मराठीत बोलताहेत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं, "तिचे पाय पोचत नाहीत."