जपानी आवृत्तीत गुरुजी मरतात

शैलाकाकूंनी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला मरण दाखवलं. कार्टूनमध्ये.

काकू आज सकाळी अमेरिकेत पार्सिपनीला वारल्या. काय लिहावं सुचत नाहीये, म्हणून तेच लिहितेय.

२००४. आम्ही त्यांच्या शेजारी राहायचो. काकू रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट, मूळच्या नागपूरच्या. मी ऑफिसातून येईपर्यंत इरा त्यांच्याकडे असायची. वरणभात खात दोघी एक जपानी कार्टून बघायच्या.

न संपणारं प्रकरण. जपानात वर्षानुवर्षं नवे भाग बनतायत, आणि इथलं चॅनल ते कापून, इंग्रजी आवाज चिकटवून दाखवतंय.

त्याच वर्षी पुण्यात माझे बाबा वारले.

आमचं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलेलं. वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत येता येईलच असं नाही.

नाही गेले.

इराला सांगितलं, आजोबा यात्रेला गेलेत. रविवारचा फोन तेवढा बंद झाला.

आणि मग कार्टूनमधल्या हीरोचे गुरुजी लढाईत पडले. पुढच्या सीनमध्ये गायबच! इंग्रजी आवाज म्हणाला, ते दुसऱ्या जगात गेलेत.

"काकूआजी, व्हेन इज ही कमिंग बॅक?" इराने विचारलं.

काकू चॅनलवर भडकल्या. मला म्हणाल्या, "अगं, मी जन्मभर रिपोर्ट लिहिले. पेशंट दुसऱ्या जगात गेला, असं एकदाही लिहिलं नाही!"

त्यांचा भाचा टोकियोत होता. त्याच्याकडून ओरिजिनल डीव्हीडी मागवली आणि शनिवारी आम्हाला बोलावलं.

जपानी आवृत्तीत गुरुजी मरतात. हीरो त्यांचा चेहरा पुसतो. गाव येऊन बघून जातं. हे सगळं इथे कापलं होतं.

काकू सबटायटल वाचून इराला मराठीत सांगत होत्या. "ते वारले, बेटा. आता येणार नाहीत."

मी उठून टीव्हीच बंद केला. "काकू, तिला काय सांगायचं ते मी ठरवेन ना!" म्हटलं, आणि तिथेच सोफ्यावर ढसाढसा रडायला लागले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

कोणासाठी रडत होते, यार? त्या चित्रातल्या म्हाताऱ्यासाठी?

इराने पाणी आणून दिलं. "आजोबा ऑल्सो?"

मी मान डोलावली.

पुढे डब केलेले भाग संपले, म्हणून चॅनलने सिरीज परत पहिल्यापासून लावली. गुरुजी जिवंत, मजेत दाढी कुरवाळतायत. इरा आरामात बघायची. मला त्या खोलीत थांबवायचं नाही.

मग आम्ही पार्सिपनी सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला आलो. ती सिरीज जपानात अजून चालूच आहे म्हणे.

काकूंनी बरोबर केलं का? चार वर्षं झाली, मला ठरवता येत नाही. कधी वाटतं आभार मानावेत, कधी वाटतं कडाकडा भांडावं. दोन्ही राहून गेलं.

त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "ताई, एवढ्या लांबून कशाला येतेस? फ्युनरलचा व्हिडिओ पाठवतो."

नको रे. तिकिटं काढलीत. माझं आणि इराचं.

काकू, बाबांना शेवटचं बघायचं राहिलं. तुम्हाला बघायला येतेय.