विचारून सांगते

कापडाच्या जाड चवडीत कात्री घालताना तिचा हात कधी अडला नाही. कपड्यांच्या त्या कारखान्यात सगळे तिला कात्रीबाई म्हणत. घरी मात्र ती धाकटी, आणि धाकट्यांनी काही ठरवायचं नसतं. फ्रिजचा रंगसुद्धा काकांनी पसंत केला होता. काकांना लाल-हिरव्यातला फरक कळत नसे, पण मान त्यांचा होता.

म्हणून मालकीणबाईंनी "कटिंगच्या प्रमुख होता का?" असं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून सवयीने निघालं, "घरी विचारून सांगते." खरं तर ते पद तिला इतकं हवं होतं, की टेबल कुठल्या खिडकीशी मांडायचं हेही तिने मनात ठरवून टाकलं होतं.

दादा म्हणाला, "बघू. काकांच्या कानावर घालतो." काका म्हणाले, "दादा म्हणेल तसं." वहिनी म्हणाली, "मोठ्यांच्या मध्ये मी काय बोलणार?" सगळ्यांनी एकमेकांचा मान राखला. प्रश्न तेवढा बेवारशी राहिला.

पुढच्या आठवड्यात प्रमुखाच्या खुर्चीत बटणांची काजं करणारा कारागीर बसलेला दिसला.

"तुम्हीच नको म्हणालात ना?" मालकीणबाई खरंच चकित झाल्या. त्यांच्या माणसांत शेंबड्या पोरालाही काय हवं ते विचारतात, आणि ते लगेच सांगतं. "विचारून सांगते म्हणजे आमच्यात सभ्य नकार."

"आमच्यात तो होकार असतो!" कात्रीबाई कडाडली.

घरी आली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"अगं, पण मी कुठे नाही म्हटलं?" दादा म्हणाला.

"हो तरी कुठे म्हटलंस?"

"मग व्हायचंस हो म्हणून मोकळी! आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

म्हणजे ज्या दाराला कुलूप आहे म्हणून ती जन्मभर बाहेर बसली, ते म्हणे नुसतं लोटलेलं होतं. यापेक्षा निर्लज्ज थाप त्या घरात कोणी मारली नव्हती. अशीच हो म्हणून मोकळी झालेल्या आत्याचं नाव तिथे अजून कोणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी गोड आवाजात सांगितलं, "नव्या प्रमुखांना कापड बेतायला तेवढं शिकवा."

"नाही."

"अहो, विचार करून सांगा."

"केला," कात्रीबाई म्हणाली आणि पुढची चवड ओढली. नवे प्रमुख टेप गळ्यात घालून तिच्या शेजारी उभे होते. त्यांना तिने बाजूला व्हायला सांगितलं. उजेड अडत होता.