बालाजीच्या खोलीतलं दुसरं वर्ष

बालाजी गेल्याचं मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळलं. पहिली शिफ्ट होती, ताट घेऊन मी रांगेत उभा होतो आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आपला सूर्यवंशी गेला राव... काल सुट्टीला घरीच होता, छातीत कळ आली म्हणे." चाकणच्या आमच्या कारखान्यात बालाजी सूर्यवंशी आणि मी कितीतरी वर्षं एकाच लाइनवर काढली, तो मशीनवर राहिला, मी पुढे सुपरवायझर झालो. अशा माणसाची बातमी ऐकून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. ते आलं, पण नंतर. त्याआधी क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. माझं एक खोटं कारखान्यात फक्त त्याला ठाऊक होतं, आणि आता ते कुणालाच ठाऊक नव्हतं... वाढणाऱ्याने ताटात भात घातला आणि मी पुढे सरकलो. बालाजीविषयी लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करायला हवी.

तो लातूरकडचा. आयटीआय करून इकडे आला, कारखान्याजवळच निघोज्यात भाड्याने राहिला आणि पुढे तिथेच दीड खोलीचं घर केलं. त्याच्या पोटात काही राहत नसे. बायकोशी झालेलं भांडण, गावच्या भावाने ऐकवलेले टोमणे, स्वतःची झालेली फजिती, सगळं तो कॅन्टीनमध्ये मोठ्याने सांगे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसे. मी याच्या अगदी उलट. आम्ही दिघीचे जुने रहिवासी, पुढे निगडीला प्राधिकरणात फ्लॅट घेतला. चार माणसांत मान खाली जाईल असं काही घडलं की आमच्या घरात आधी दार लोटून घेतात आणि मग बोलतात. माझी आई अजून म्हणते, "लोकास्नी समदं कशापायी सांगायचं? आपलं घर हाय का चावडी?" बालाजीचा स्वभाव मला आवडायचा, पण थोडं वरून खाली बघितल्यासारखा. त्याच्याकडे झाकण्यासारखं आहेच काय, असं मला वाटे.

त्याचा ओंकार आणि माझा तेजस एकाच वेळी डिप्लोमा झाले आणि दोघांनाही डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा होता. कॉलेजांचे पसंतीक्रम ऑनलाइन भरायचे असतात. बालाजी ओंकारला घेऊन आमच्या घरी आला. "साहेब, मला ह्यातलं काय कळत न्हाई. तेजसच्या मागं माझंबी लेकरू लावा," म्हणाला. मी आधी तेजसचे पर्याय भरले. त्याला मेकॅनिकल हवं होतं, लहानपणापासून तो नटबोल्टांत रमणारा. पण आमच्या सोसायटीत मजल्यागणिक आयटीवाले. मी कॉम्प्युटर सगळ्यात वर टाकलं. मग ओंकारची पाळी आली तेव्हा बटण दाबण्याआधी बालाजीने माझा हात धरला. "थांबा जरा. तुला काय पाहिजे रं?" त्याने पोराला विचारलं. ओंकार म्हणाला, मेकॅनिकल. माझा मुलगा शेजारीच उभा होता, त्याला मी विचारलं नव्हतं. तेजसला पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली, आणि पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत बदल नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर कॉलेजचं नाव टाकलं. अभिनंदनाचे अंगठे मोजत बसलो. दोघं एकाच कॉलेजात, वेगवेगळ्या शाखांना गेले.

थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या पोरांची खरी परीक्षा गणितात होते. पहिल्या वर्षाचं गणित ती शिकलेलीच नसतात आणि तिसरा पेपर, ज्याला सगळे एम-थ्री म्हणतात, समोर येऊन उभा राहतो. शिकवणारे गृहीत धरतात की पाया झालेला आहे. दोन्ही पोरं त्यात अडकली, त्यासोबत आणखी विषय राहिले, आणि वर्षाच्या शेवटी दोघांचंही वाय-डी झालं. म्हणजे इयर डाउन. तिसऱ्या वर्षाला जाता येत नाही, कॉलेजचे वर्ग बंद, राहिलेले विषय काढेपर्यंत घरी बसायचं.

दुसऱ्या दिवशी बालाजीने नेहमीसारखं ताट ठेवता ठेवता जाहीर केलं, "आमच्या ओंकारचं वाय-डी झालं बगा."

"ही कसली पदवी रं बालाजी?" एकाने विचारलं.

"खऱ्या पदवीच्या आधी देतेत ही," तो म्हणाला. "फुकट न्हाई, वरीसभर घरी बसावं लागतंय."

टेबलावर हशा पिकला. "मग आण की इकडं, लावू आपल्याच लाइनीला," दुसरा म्हणाला. मीही हसलो, आणि हसत असतानाच सगळे माझ्याकडे वळले. "भाऊ, तेजसचं काय?" मी म्हणालो, "निघाला. थर्ड इयर." कसलाही विचार न करता ते तोंडातून गेलं. मग पेढ्यांची मागणी झाली. आणि मी ते आणले! दुसऱ्या दिवशी निगडीच्या दुकानातून खोका घेऊन गेलो आणि टेबलाटेबलावर फिरलो. बालाजीने एक उचलला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा कागदात बांधून ओंकारसाठी ठेवला. "तेजसला म्हणावं, काकानं आशीर्वाद दिलाय." संध्याकाळी बसपाशी मात्र तो माझ्याजवळ आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलला. त्याचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "साहेब, ओंकारनं सांगितलंय मला. म्या कुणाला बोलणार न्हाई. लेकराला कोंडून तेवढं ठेवू नका." मी "हं" म्हणून बसमध्ये चढलो. त्यानंतर मी जेवणाची वेळ बदलून घेतली. त्याच्या टेबलावर पुन्हा बसलो नाही.

कोंडलं नाही, त्याहून वाईट केलं. सोसायटीत कळू नये म्हणून तेजसने रोज सकाळी कॉलेजच्या वेळेला पाठीवर बॅग घेऊन निघायचं आणि संध्याकाळीच परतायचं, असं मी ठरवून दिलं. बायको डबा भरून देई. लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर "थर्ड इयर" म्हणायचं, हेही शिकवलं. "दिवसभर कुठं बसतो तो, एकदा विचारा तरी," ती म्हणायची. मी म्हणायचो, लायब्ररीत. त्या वर्षी त्याचं ओळखपत्रच नव्हतं, लायब्ररीत त्याला कोण घेणार, हे मला सुचलं नाही. की मी ते सुचू दिलं नाही... आता सांगता येत नाही.

बालाजीला जाऊन काही दिवस झाल्यावर मी निघोज्याला भेटायला निघालो, तेव्हा तेजस म्हणाला, "मीपण येतो." गाडीवर मागे बसताना मी त्याला बजावलं, "तिथं तुझ्या वर्षाचं काही बोलू नकोस." खरं सांगतो, माणूस गेलेल्या घरी जातानाही मला हेच सुचलं होतं. घरात गावाकडचे एक-दोन पाहुणे होते. मी दारात चपला काढत होतो, तोवर तेजस आत गेला. मधल्या दाराची चौकट ठेंगणी आहे. तो न पाहता वाकला, पडद्यामागे गेला आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आला. तांब्या कुठे, पेले कुठे, त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मी बघत राहिलो. वहिनींना, म्हणजे बालाजीच्या बायकोला, वाटलं, मला त्याचं कौतुक वाटतंय. "गुणाचं लेकरू हाय भाऊ. रोज डबा उघडला की आधी आमच्या ताटात भाजी वाढतंय."

"रोज?" मी विचारलं.

"वरीस झालं की. दोघं मिळून अभ्यास करतेत." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या थांबल्या. "हे म्हणले होते, तुमीच धाडलंय म्हणून... घरी गलका असतो, अभ्यास होत न्हाई, म्हणून."

ज्याच्या पोटात काही राहत नसे, त्याने स्वतःच्या बायकोपाशीसुद्धा माझी अब्रू राखली होती. मी त्याला टाळत होतो, आणि माझा मुलगा त्याच्या घरी जेवत होता. मला मान वर करवेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाहुण्यांनी तेजसकडे बोट केलं. "ह्योबी इंजिनेर व्हायलाय का? कितव्या वर्साला हाय?" तेजसने माझ्याकडे पाहिलं. शिकवलेलं उत्तर द्यायचं की नाही, हे तो मला विचारत होता.

"दुसऱ्यालाच," मी म्हणालो. "वर्ष गेलं त्याचं. गणित राहिलंय."

"निघंल की मग," पाहुणे म्हणाले आणि चहाचं विचारू लागले. एवढंच झालं. ज्यासाठी मी पोराला वर्षभर घराबाहेर काढलं, त्याला त्या खोलीत एवढीशीच किंमत होती.

तेजस अजूनही निघोज्याला जातो. सोसायटीत कुणी विचारलं तर खरं ते सांगतो. सुट्टीच्या दिवशी मी त्याला आणायला जातो आणि उंबऱ्याशी बसतो. खिडकीखाली चटईवर दोघं समोरासमोर बसतात. शिफ्ट नसली की मधल्या जागेत बालाजी बसायचा, लसूण सोलत नाहीतर नुसताच, असं वहिनी सांगतात. गणितातलं त्याला काही कळत नसे. दोघांनी एकच उदाहरण सोडवून पेन खाली ठेवलं की तो फक्त विचारायचा, "जुळलं का रं?" तो गेल्यापासून वहिनी आतून तेवढं विचारतात.

परवा त्या पाणी भरायला बाहेर गेल्या होत्या. पोरांनी पेनं खाली ठेवली आणि दोघंही जरा थांबली. कुणी विचारेना. मी दारात होतो. मीच विचारलं, "जुळलं का रे?"

"नाही बाबा," तेजस मान वर न करता म्हणाला. "माझं चुकलंय." आणि पान उलटून तो पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागला. आमच्या घरात त्याला हे वाक्य कधी म्हणता आलं नव्हतं.