उपासाला चालणारी फळं

बोरिवली स्टेशनवर वजनाचा काटा होता. एक आणा टाकला की आतून खडखड आवाज यायचा आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. त्याच्या एका बाजूला वजन असायचं आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. दर रविवारी सकाळी आईला त्या काट्यावर उभं करायचं काम माझ्याकडे होतं. मी आकडा बघायचे, आई भविष्य वाचायची. प्रवासाचा योग आहे असं निघालं, की वजन उतरल्यासारखा तिचा चेहरा खुलायचा. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि फार शिस्तीची होते. घरातले लोक त्याला आजही वेगळाच शब्द वापरतात, पण ते असो.

आईला बेंबीजवळ हर्निया झाला होता. खोकली की लिंबाएवढा फुगवटा वर यायचा. ती तो हातानं दाबून आत ढकलायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागायची. दोन वर्षं तिनं हे कुणाला कळू दिलं नाही. फेब्रुवारीत कळलं तेव्हा वडील तिला मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. मीही बरोबर होते. तिथल्या सर्जननी तपासलं आणि ऑपरेशनला चक्क नकार दिला. पोटावर एवढी चरबी असताना टाके धरणार नाहीत, आधी वीस पौंड उतरवा, मे महिन्यात या, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्यांनी बजावलं, की एखाद्या दिवशी आतडं हर्नियाच्या भोकात अडकून बसलं तर जिवाशी गाठ आहे. आईचं वजन ही तेव्हापासून माझीच जबाबदारी आहे, असं मी ठरवून टाकलं.

खाण्याबद्दल त्यांनी पुष्कळ सांगितलं होतं. भात बंद, तूप बंद, साखर बंद, दोन्ही वेळा एकेकच पोळी, आणि अगदीच भूक लागली तर फळं खा. आईनं हे सगळं तंतोतंत पाळलं. कोकणात वाढलेल्या बाईनं भात सोडणं ही साधी गोष्ट नव्हे. ताटात एक पोळी नि पालेभाजी घेऊन ती बसायची तेव्हा आजोबांच्या घशाखाली घास उतरत नसे. आजूबाजूच्या बायका तिच्या निग्रहाचं कौतुक करायच्या आणि मलाही तिचा अभिमान वाटायचा.

काटा मात्र ढिम्म. पहिल्या पंधरवड्यात दोन पौंड उतरले ते चौथ्या रविवारी परत आले. वडील म्हणाले, काटा बिघडलाय. आजोबा म्हणाले, वाताची प्रकृती आहे, ती हवेनंसुद्धा फुगते. मी आईच्या पोळ्या आणखी पातळ लाटायला लागले.

आमच्या घरात तोवर फळ म्हणजे देवाचं किंवा आजाऱ्याचं. केळी पूजेला यायची, मोसंबी कुणाला ताप आला तर. आंबे मात्र सगळ्यांसाठी. आईच्या माहेराहून दर वर्षी एप्रिलअखेर एक पेटी यायची. ते आंबे आजोबा, वडील आणि आम्ही तीन भावंडं यांच्यात वाटले जायचे. आईच्या वाट्याला काय यायचं ते मी कधी बघितलंच नाही. या वर्षी फळ हे तिचं औषध झालं, आणि औषधात कुणी वाटा मागत नाही. फडताळातल्या वरच्या फळीवर तिची वेगळी टोपली आली. वसईची एक केळेवाली मंगळवारी आणि शनिवारी दारावर यायची. ती आईसाठी डझनभर केळी आणि वर सुकेळी ठेवून जायची. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड. एप्रिलअखेर मामानं पेटी पाठवली आणि सोबत चिठ्ठी, की या खेपेला आंबे ताईच्या पथ्यासाठी आहेत. धाकट्या भावानं तोंड वाकडं केलं तेव्हा मीच त्याला दटावलं.

पेटी आल्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी आईचा फुगवटा आत जाईना. ती पांढरीफटक पडली, जमिनीवर आडवी झाली आणि माझं मनगट धरून बसली. अर्ध्या तासानं तो आपोआप आत गेला. आईनं घाम पुसला, मला म्हणाली बाबांना सांगू नकोस, आणि चहाचं आधण ठेवलं. मी पहिल्यांदा खरीखुरी घाबरले.

त्यानंतर मी दुपारी तिच्यावर नजर ठेवायला लागले. सुट्टीच होती. सगळे निजले की आई टोपली घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसायची. आधी दोन केळी, मग सुकेळ्यांचा तुकडा, मग तीन आंबे, एकामागून एक, घाई न करता. आंबा हातात घोळवून मऊ करायची, देठाशी नाक लावून वास घ्यायची आणि डोळे मिटून चोखायची. कोपरापर्यंत ओघळ गेला तरी पुसायची नाही. आईला असं नुसतं बसून काही खाताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ती दचकली नाही.

"आई, हे रोज एवढं?"

"मग? डॉक्टरांनीच सांगितलंय ना. आणि उपासाला चालतं ते अंगाला कसं लागेल गं?"

आमच्या घरात सगळे असंच मानत. सोमवार, चतुर्थी, एकादशी, इतके उपास आई करायची. त्या दिवशी केळी, खजूर काहीही खाल्लं तरी 'आज काही खाल्लं नाही' असंच म्हणायचं. त्यात खोटेपणा नव्हता. जेवण म्हणजे धान्य, बाकीचं पोटाला आधार. तरी मी मनात डझन मोजत राहिले.

मेमध्ये सर्जननी आईला त्यांच्या काट्यावर उभं केलं. फेब्रुवारीपेक्षा एक पौंड जास्त. ते वैतागले. बाई, तुम्ही खाता तरी काय, असं त्यांनी विचारलं. आईनं सगळं सांगितलं, एक पोळी, पालेभाजी, ताक, आणि ते अक्षरशः खरं होतं. वडिलांनी मान डोलावली. मी त्या दुपारी तिनं धरलेलं माझं मनगट आठवत होते. मी म्हणाले, आणि रोज तीन-चार केळी, सुकेळी आणि तीन आंबे.

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. सर्जन रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "फळं वाईट नाहीत, बाई. पण ती जेवणाच्या जागी खायची, जेवणावर नाही. आणि गोड फळांनीसुद्धा वजन वाढतं, देवाला चालत असली तरी. आता पेरू खा, पपईची फोड खा, एखादं मोसंबं खा. केळी, चिकू, आंबे यांना सध्या हात लावू नका."

घरी आल्यावर आईनं टोपली खाली काढली आणि राहिलेले आंबे आमच्यात वाटले, अगदी पूर्वीसारखे, हिशेबशीर. कुणावर चिडली नाही. केळेवालीला नको म्हणून सांगितलं. जून, जुलै, ऑगस्ट ती मुकाट्यानं पेरू चावत राहिली आणि दर रविवारी काट्याचा आकडा उतरत गेला. गणपतीनंतर ऑपरेशन झालं, टाके नीट धरले, आणि पंधरा दिवसांनी आई घरी आली. माझ्यामुळे ती वाचली असं वडील दारात भेटेल त्याला सांगायचे. ते ऐकायला मला आवडायचं. आईनंही एकदा म्हणावं म्हणून मी तिच्या खाटेभोवती घुटमळत असे.

एका दुपारी तिनंच विषय काढला.

"तू सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर मी मेले असते."

मी फुलून गेले.

"पण आंबे संपेपर्यंत थांबली असतीस तर?" ती हळूच म्हणाली. "आठ-दहाच तर राहिले होते."

मी तिला समजावायला सरसावले. ते कसं धोक्याचं होतं, सर्जन काय म्हणाले होते, त्या दुपारी काय झालं असतं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "कळतं गं मला. पण लग्न होऊन या घरात आले त्यानंतर कुणाला किती उरतील याचा विचार न करता मी आंबा खाल्ला, तो या उन्हाळ्यातच."