दौलताबादची वेस आणि डाव्या दाराची पट्टी

"वेरूळला चल, गाडी आहे, मी आहे," असं बाबांनी फोनवर तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा मी रजा टाकली. बाबा शहात्तरचे, गाडी सतरा वर्षांची. दोघंही ठणठणीत, असं बाबाच सांगतात. पुण्याहून सकाळची एसटी धरली. शिरूरपर्यंत ट्रॅफिकनं जीव नको केला, नेवाशाच्या पुढं रस्ता बरा लागला. सहा तास धरून चला. तिकीट ॲपवर बघा. मी आकडा लिहिला की महिन्याभरात तुम्ही मलाच शिव्या घालता.

आईबाबा पडेगावात राहतात, दौलताबाद रस्त्याला लागूनच. अंगणातली गाडी बघून माझं डोकं फिरलं. दाराला ओरखडे पडू नयेत म्हणून जी काळी पट्टी असते, ती डाव्या बाजूची अर्धी सुटून लोंबत होती. बाबांनी ती खाकी चिकटपट्टीनं कशीबशी बांधली होती.

"अहो बाबा, काय अवतार केलाय गाडीचा!"

"उन्हानं गोंद सुटतो गं. जुनी गाडी आहे."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर असूनही आभाळ भरून आलेलं, हवा कोंदट. आई पुढं बसली, मी मागं. पडेगाव सुटल्यापासून आईचं तोंड सुरू. "अहो, डावीकडनं टमटम. अहो, म्हैस. थोडं उजवीकडं घ्या." बाबा मुकाट्यानं ऐकत होते. रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या लागल्या होत्या, मला जरा शांतपणे बघायच्या होत्या.

"आई, चालवू दे की त्यांना! चाळीस वर्षं चालवतायत," मी खेकसले. आई मागं वळून माझ्याकडं बघत राहिली. मग गप्प बसली.

दौलताबादच्या पुढं रस्ता जुन्या वेशीतून जातो. एका वेळी एकच गाडी मावते. आम्ही आत शिरलो आणि डावीकडं वेशीच्या दगडाला घासून खर्रर्र आवाज झाला. जरा पुढं एक सायकलवाला भिंतीला पालीसारखा चिकटला होता. त्याच्या आणि आमच्या दारामध्ये वीतभर जागा असेल नसेल.

"ओ काका, दिसत नाय व्हय?" तो ओरडला.

"गाडी आत शिरताना मधे कशाला घुसायचं?" मी खिडकीतून त्यालाच झापलं. आत्ता आठवलं तरी लाज वाटते. पट्टी पार निघून रस्त्यावर पडली होती. मी उतरून उचलली, डिकीत टाकली.

कैलास लेणं बघितलं. एवढ्या लांबून आले होते, पण मन लागलं नाही. आई पायऱ्यांवर बसून राहिली. भाकरी-भरीत चांगलं मिळालं, पण कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आणि बाबा पट्टी बसवून घ्यायला शहरात शहागंजाकडं गेलो. आई यायला निघाली होती, मीच म्हटलं, "तू आराम कर." डावीकडं मी बसले. दोन वेळा रिक्षा इतकी जवळून गेली की मी आपोआप ओरडले, "बाबा, डावीकडं!" ओरडल्यावर लक्षात आलं. हे तर आईचं वाक्य.

गाड्यांच्या पट्ट्या, सीटकव्हर बसवणाऱ्या रफिकभाईंचं दुकान म्हणजे एक शटर आणि पुढं फूटपाथ. त्यांनी जुना गोंद पेट्रोलनं पुसला, तुटलेल्या क्लिपा काढल्या, दारावरून सावकाश बोट फिरवलं. बाबा पलीकडं चहा सांगायला गेले होते.

"ताई, गोंद बिचारा क्या करेगा? ही पट्टी सुटली नाय, घासून निघाली. सगळे मार एकाच बाजूला, एकाच उंचीला. उजवी बाजू देखो, एकदम साफ. चलाता कौन है?"

मी पलीकडं बाबांकडं बघितलं. बाबा आले. रफिकभाईंनी त्यांच्या डाव्या हाताशी एक नवी क्लिप धरली. "काका, जरा पकडो." बाबा समोरच बघत राहिले. क्लिप त्यांच्या खांद्यापासून हातभर लांब असेल. रफिकभाईंनी ती हळूच मागं घेतली आणि मान खाली घालून कामाला लागले. क्लिपा, दोन्हीकडून चिकटणारी टेप, मजुरी, सगळं पाचशेच्या आत झालं. एक दिवस पाणी लावू नका म्हणाले. पैसे घेताना त्यांनी गाडीची किल्ली बाबांना न देता माझ्या हातात ठेवली.

बाबांना कळलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "काचबिंदू आहे. वर्ष झालं. डावीकडचं गेलंय."

"आईला माहितीये?"

"ती बरोबर असली की दिसतं मला सगळं. ती महिनाभर जालन्याला मावशीकडं होती, तेव्हा एकटाच जायचो. तेव्हाच पट्टी सुटली."

मला रडू फुटलं. रागही आला, दोघांचाही आणि माझाही. "तो सायकलवाला मेला असता बाबा! त्याचीही मुलं असतील." बाबा म्हणाले, "व्हय." इतकंच. एरवी वादात शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

गाडी मी पुण्याला नेते, असं घरी सांगितलं. आईनं एकच विचारलं, "मग आता भाजी, दवाखाना, देऊळ?" मी म्हटलं, रिक्षा आहे. ती म्हणाली, "रिक्षा आहेच गं." दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन पुण्याला निघाले. बाबा फाटकापर्यंत आले, टायरची हवा लाथेनं तपासली, "घाटात सांभाळून," म्हणाले. या रस्त्यावर सांगण्यासारखा घाट नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. वेशीत दिवे लावून, थांबून, मगच गाडी घाला. पट्टी अजून घट्ट आहे, हायवेवर जरासुद्धा वाजली नाही. मी केलं ते बरोबरच होतं, पुन्हाही तेच करीन. तरी आई सांगते, घरातून कुणी बाहेर पडत नाही. रिक्षा दारात बोलावली तरी बाबा चप्पल घालत नाहीत, आणि त्यांना सोडून ती जात नाही.

दर रविवारी बाबांचा फोन यायचा, "गाडी कधी आणतेस?" मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. या रविवारी फोन आला. हवापाणी झालं, तुरीच्या डाळीचा भाव झाला, माझ्या खोकल्याची चौकशी झाली. गाडीचं त्यांनी विचारलं नाही.