जिजीची नववी कोंबडी

जिजीने कुठल्याही प्रश्नाचं एकच उत्तर कधी दिलं नाही. विचारणारे तिघे असले तर तिघांना तीन उत्तरं मिळत, आणि तिघेही समाधानाने घरी जात. समाधान व्हायचं नाही ते माझं. माझं शेतीपंपाच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडली की आत काळी पडलेली तार दिसते, आणि ती का जळाली तेही तिथंच कळतं. एका बिघाडाला एक कारण, अशी माझ्या डोक्याला सवय. त्यामुळे जन्मापासून वावराला वावर लागून असूनही जिजी मला उमगली नाही, आणि यंदा ती सुरतेला गेल्यापासून तर मी जास्तच गोंधळलो आहे.

ती आमची नात्यातली नव्हे. तापीकाठी आमच्या बांधापलीकडे तिचं अडीच एकर, त्यात एक पत्र्याची खोली आणि कोंबड्या. नवरा लवकर गेला, मुलगा शिकून सुरतेला लागला, ती राहिली. गावातला दहा वर्षांचा पोर आणि सत्तरीतला म्हातारा, दोघंही तिला जिजीच म्हणत. खरं नाव मतदानाच्या यादीत असेल, मी कधी पाहिलं नाही.

फाल्गुनात तिच्या वावरात पाय ठेवायचा तर खाली बघूनच ठेवावा लागे. गहू निघालेला असायचा, बांधावरचा आंबा मोहरलेला, खोलीपुढे लाल मिरच्या वाळत पडलेल्या, आणि त्या मिरच्यांच्या कडेकडेने पिल्लं. पिवळी, काळी, मातकट, सगळी एका सुरात चिवचिवत. घार दिसली की जिजी हातातलं काम टाकून एक जुनी काळी छत्री उघडायची आणि त्यांच्यावर धरून उभी राहायची. मी एकदा विचारलं, "कितला पिले निंघनात, जिजी?" तर म्हणाली, "निंघनात तितला निंघनात. मोजीसन काय करशी?" यात उत्तर कुठे आहे ते मी अजून शोधतो आहे.

खुडूक झालेली कोंबडी ती फुटक्या घमेल्यात, गव्हाच्या भुशावर बसवायची. अंड्यांच्या मधोमध एक लांब लोखंडी खिळा ठेवलेला असे. तो कशासाठी? मोलगीकडून येऊन तिचं वावर करणाऱ्या ठाणसिंगला तिने सांगितलं की वीज कडाडली तरी खिळ्यामुळे अंडी खराब होत नाहीत. अंगणवाडीच्या ताईंना म्हणाली, "कोंबडीले बी लोखंड लागस ना ताई. तुम्हीच ते बायास्ले सांगतस." मी विचारल्यावर म्हणाली, "खाटलाना खिळा शे रे. हारपी जाई म्हनीसन ठेवेल शे." पुढच्या वर्षी बघितलं तर खिळा घमेल्यातच, आणि खाटेचा पाय सुतळीने बांधलेला. म्हणजे माझं उत्तर तरी खरं होतं का, हा प्रश्न राहिलाच.

एका गोष्टीचं मात्र तिने एकच कारण दिलं, आणि ते मी विसरलो नाही. मी सात वर्षांचा असेन. पिल्लांना पाणी ठेवायचं काम तिने मला दिलं होतं, आणि मी मोठ्या उत्साहाने वाटकं काठोकाठ भरून ठेवलं. दुपारी बघतो तर एक पिल्लू पाण्यात पडून मेलेलं. मी रडायला लागलो. जिजी रागावली नाही. तिने बांधावरून एक खडा आणून माझ्या हातात दिला. "वाटकाना मझार हाऊ ठेव. पिलू पडनं ते यानावर उभं ऱ्हाई." त्या दिवसापासून खडा ठेवायचं काम माझं. उन्हाळा संपेपर्यंत मी तो रोज धुऊन ठेवत असे.

हे सगळं घरी चोरून चाले. आमचं घर माळकरी. अंडं घरात येणं तर सोडाच, त्याचं नाव काढलेलंही माझ्या आजीला, मोठमायला, खपत नसे. नाना, म्हणजे माझे वडील, त्यांचंही तेच. जिजीच्या वावरातून निघताना मी राखेने हात घासायचो, पाय धुवायचो, आणि भाजी आणायला गेल्यासारखं तोंड करून घरात शिरायचो. मोठमायला कळत असेल का? कळत असेल. पण आई नसलेल्या पोराला किती बोलायचं, म्हणून गप्प बसत असेल.

माय मी सहा वर्षांचा असताना तापाने गेली. तिचा एक फोटो आहे, लग्नातला. डोक्यावरून पदर, मान खाली, चेहऱ्याचा अर्धा भाग तर मुंडावळ्यांनीच झाकलेला. नानांना विचारलं की म्हणतात, "चांगली व्हती," आणि माळ हातात घेतात. मोठमायही तिच्याबद्दल काही न सांगताच गेली. माझ्या स्वतःच्या आठवणीत ती एवढीच आहे: संध्याकाळी ती वावरातून यायची, मी तिच्या पदराची गाठ सोडायचो, आणि गाठीतून ज्वारीच्या कण्या सांडायच्या. दुसऱ्यांच्या आयांच्या गाठीत पोरांसाठी गोळी, गूळ काहीतरी असायचं. हिच्या गाठीत कण्या का, हे मला तेव्हाही कळलं नाही. मायबद्दल आणखी काहीतरी कळावं, कुणीतरी सांगावं, ही भूक मला आयुष्यभर राहिली आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने असं लिहू नये, पण आहे ते आहे.

जिजी कोंबडे विकायची. आमच्या गावचा सलीमभाई, ज्याचं चिकनचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे, तो येऊन घेऊन जायचा, नाहीतर ती स्वतः खापरच्या बाजाराला न्यायची. पण जी कोंबडी एकदा पिल्लं घेऊन फिरली, ती तिने कधी विकली नाही की कापली नाही. "जिनी पिले फिरवी, तिनावर सुरी नही," म्हणायची. त्यामुळे तिच्याकडे म्हाताऱ्या कोंबड्या साठत गेल्या. अंडी बेताची, दाणे भरपूर. नवापूरच्या पोल्ट्रीत कामाला असलेल्या एका पाहुण्याने तो हिशोब ऐकून कपाळाला हात लावला होता.

यंदा होळीच्या आधी तिचे गुडघे अगदीच बसले. मुलगा आला. वावर पपईसाठी दुसऱ्याला कसायला दिलं, आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की मल्चिंग पेपर अंथरणार आहे, कोंबड्या उकरून फाडतील, एकही नको. सुरतेत सातव्या मजल्यावर कोंबड्या नेता येत नाहीत. नऊ कोंबड्या उरल्या होत्या. मुलगा म्हणाला, सलीमभाईला देऊन टाकू. होळी झाल्यावर दोन दिवस जिजी एकेक कोंबडी काखेत धरून, काठी टेकत गावभर फिरली.

शेवटची माझ्याकडे घेऊन आली. मी मोटारीत तार भरत बसलो होतो.

"हाई तुन्ही," म्हणाली.

"मन्ही कशी? आमना घरमा चालत नही, तुले माहीत शे."

"तुन्ही मायनी कोंबडीनी नातनी नात शे."

हातातली तार सुटली. "मन्ही मायनी कोंबडी? कोणती?"

"मन्हा वावरमा व्हती ना. तिना माहेरले कोंबड्या व्हत्यात, तिले करमे नही. तुन्ही मोठमायले सांगेल नव्हतं." कोंबडी माझ्या मांडीवर ठेवून ती वळली. "रिक्षा थांबेल शे रे. तिले खडा ठेवत जा."

आणि गेली. मी मांडीवर कोंबडी घेऊन तसाच बसलो. गिऱ्हाईक येऊन काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. फोटोतल्या त्या झाकलेल्या बाईच्या हातात मी मनातल्या मनात पिल्लू ठेवून बघत होतो, आणि ते काही केल्या बसत नव्हतं. कोंबडी मी घरी नेली नाही. वावरातल्या मोटारीच्या खोलीत ठेवली, आणि घरी कुणाला एक शब्द सांगितला नाही. ठाणसिंग आता पपईवाल्याकडे होता, पण राहायला आमच्या वावराच्या दुसऱ्या अंगाला, त्याचा कोंबडा तिकडून यायचा. चैत्र सरत आला तेव्हा कोंबडी खुडूक झाली. मी तिला अकरा अंड्यांवर बसवली. मधे खिळाही ठेवला. का, ते विचारू नका.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांच्या जावयाला गावठी कोंबडी खायची इच्छा झाली. पाटलांच्या अंगणात कोंबडी फिरत होती, तरी पाटील पिशवी घेऊन सलीमभाईकडे. सलीमभाईच्या पिंजऱ्यात एकच गावठी, आणि तो ती द्यायला तयार नाही.

"अब्बा की अमानत है, पाटील," तो म्हणाला. "अब्बाने जिजी के पास रखवाई थी. अमानत पे छुरी कैसे चलाऊँ?"

"जिजीनी दिन्ही?" पाटील थबकले. "माले बी जिजीनीच दिन्ही. देवीना नावनी सोडेल शे म्हने."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई रस्त्याने चालल्या होत्या, त्यांना हाक मारली. त्यांच्या कोंबडीला सरकारी इंजेक्शन दिलेलं होतं, दोन वर्षं खायची नव्हती. ठाणसिंग पंपाचा स्टार्टर घेऊन माझ्याकडे आलेला. त्याची कोंबडी साप दाखवणारी होती, आणि त्याच्या घरात तर रांगतं मूल.

"कोंबडी सगळीच साप देखाडस," तो शांतपणे म्हणाला. "माले ठाऊक व्हतं. पन जिजी इतलं चालीसन उनी, मी ऐकी लिधं."

अर्ध्या तासात आठही घरांच्या थापा उघड्या पडल्या. खाटकाला कोंबडी देऊन ती जिवंत ठेवायची, हे जिजीनेच करावं! पाटील हसून हसून बाकावर बसले, सलीमभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. मग पाटील म्हणाले, "आन् तुले काय सांगं रे?"

माझं हसू जागीच थांबलं. "काही नही," म्हटलं, आणि स्टार्टर उघडायला घेतला. त्यातला एक स्क्रू मला चार वेळा शोधूनही सापडेना. आठ थापा म्हटल्यावर नववी खरी कशी असेल? दीड महिना मी मायच्या हातात पिल्लू ठेवून बघत होतो, नुकतंच ते तिथं बसायला लागलं होतं. मला जिजीचा राग आला. फार राग आला. लोकांच्या तोंडाला पानं पुस, पण हे नको होतं करायला.

त्याच दुपारी व्हिडिओ कॉल लावला. जिजी गॅलरीत बसलेली, मागे नुसत्या खिडक्या.

"जिजी, आज माले एकच उत्तर दे. मन्ही मायनी कोंबडी व्हती का नही?"

"बठनी का ती अंडावर?"

"बठनी. तू सांग पहिले. बाकीस्ले थापा मारी ना तू?"

"त्यास्ले कारण देवं पडनं रे. त्या कापी खातीन." ती फोनच्या अगदी जवळ आली, मला तिचा एकच डोळा दिसत होता. "तू कोठे कापणार व्हता?"

खरंच, माळकऱ्याच्या पोराला कोंबडी कापू नको म्हणून थाप मारायची गरज काय? "म्हंजे ते खरं शे?"

"मी असं कधय सांगं?" म्हणाली, आणि मग बराच वेळ मला सुरतेचं छत दिसत राहिलं.

त्यानंतर मी हा प्रश्न सगळ्या बाजूंनी उघडून बघितला. कापणार नव्हतो, म्हणून थाप नाही, म्हणून खरं. पण घेणारही नव्हतो. म्हणजे घ्यावी म्हणून थाप. आणि आई नसलेल्या पोराला काहीतरी द्यावं म्हणूनही थाप असू शकते, जिजीचा काय भरवसा? बरं, पदरातल्या कण्या? वावरात जाणाऱ्या कुठल्या बाईच्या पदरात दाणे नसतात? जळालेली तार काही सापडली नाही.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. किती, ते मी मोजलं नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी वावरात जातो, खिशात कण्या घेऊन. परवा बायको कपडे धुवायला बसली आणि शर्टाचा खिसा उलटा केला, तर ओट्यावर कण्या सांडल्या. "हे काय हो, रोज खिशात दाणे कशाचे?" ती वैतागून विचारत होती. मी काय सांगावं ते जुळवत होतो. नाना पलीकडे खाटेवर डोळे मिटून माळ ओढत बसले होते. माळ थांबली.

"पाणीना वाटकामा खडा ठेव," डोळे न उघडता ते म्हणाले. "पिले बुडी मरतस."

बायको माझ्याकडे बघायला लागली, मी नानांकडे. हा माणूस जन्मात जिजीच्या वावरात गेला नाही, पिल्लाला त्याने कधी हात लावला नाही. हे त्याला कुणी सांगितलं असेल? विचारावंसं फार वाटलं. पण माळ पुन्हा सुरू झाली होती.

खडा मी पहिल्या दिवसापासून ठेवतो आहे. पण ते बोललो नाही.

"ठेवसू, नाना," म्हटलं.