यशवंतपूरची भुतावळ

आमच्या स्टुडिओत सर्व्हर महिन्यातून एकदा भरतो आणि मग जुन्या फाइल्स उडवाव्या लागतात. किस्से उडवायची सोय नाही. ते साठत राहतात आणि चार मराठी माणसं डब्याला एकत्र बसली की कुणीतरी विचारतंच, "तो सतीशचा कांद्याचा किस्सा यांना सांगितला का?"

म्हणून सांगूनच टाकतो.

बेंगळुरूला, यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे आमचा अॅनिमेशन स्टुडिओ आहे. वर्षभर आम्ही टीव्हीसाठी एक भुताटकीचा विनोदी सिनेमा करत होतो. एक व्हॅम्पायर, एक ममी, पौर्णिमेला लांडगा होणारा एक माणूस आणि टाके घातलेला एक राक्षस असे चौघं बेंगळुरूत भाड्याने घर घेतात, अशी गोष्ट. दिग्दर्शक नंदिनीअक्का, मूळची निपाणीची. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत राबून तिला हा पहिला स्वतःचा मिळाला होता. चॅनेलची अट अशी, की सिनेमा आधी मुलांना दाखवायचा. मुलं घाबरली नाहीत किंवा हसली नाहीत, तर पुढच्या सिनेमाला दिग्दर्शक बदलणार!

*

आमच्याकडे पद्धत आहे की पात्राने जे करायचं, ते अॅनिमेटरने आधी स्वतः करायचं आणि मोबाइलवर शूट करायचं. मग ते बघून चित्रं हलवायची. लांडगोबा पुण्याच्या सतीशकडे होता. तो भरदुपारी गच्चीवर गेला, मोबाइल टाकीला टेकवून ठेवला आणि अंग वाकडं करत, दात विचकत जमिनीवर लोळायला लागला.

समोरच्या गोदामातल्या हमालांनी ते पाहिलं. "फिट बंतु, फिट बंतु!" म्हणजे फिट आली, असा ओरडा झाला आणि दोघंतिघं जिना चढून वर. एकाने सतीशच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, दुसऱ्याने फोडलेला कांदा थेट नाकाला लावला. सतीश ओरडतोय, "अॅक्टिंग आहे हो, अॅक्टिंग!" आणि मराठी कुणालाच कळत नाही.

नंदिनीअक्काने ते रेकॉर्डिंग पाहिलं आणि म्हणाली, "कांदा येईपर्यंतचं सगळं काढून टाक. पुढचं भारी आलंय."

*

टाकेवाल्या राक्षसाचं चित्र मंजुनाथने केलं. बटाट्याएवढे डोळे, झुपकेदार मिशा, लोंबणारी जीभ. मोठं प्रिंट काढून भिंतीवर लावलं. तेवढ्यात बिल्डिंगचे मालक भाड्याचं बोलायला आले. भाडं राहिलं बाजूला, ते चित्रासमोरच उभे राहिले.

"एक मला द्या सार," ते म्हणाले. "बोम्मसंद्र्याला नवीन बांधकाम काढलंय. दृष्ट लागू नये म्हणून पुढं टांगतो. पण स्वल्प लॅमिनेट करून द्या, पाऊस लागतो."

अक्काने कपाळावर हात मारला. "मंजू, आपण राक्षस करायलोय का वास्तुशांत? इथली पोरं हा चेहरा दर गल्लीत बघतात. कोण घाबरणार?"

राक्षस नव्याने काढला. जुना मात्र बोम्मसंद्र्यात तिसऱ्या मजल्यावर लटकलाय. म्हणजे आमच्या सिनेमातलं सगळ्यात आधी प्रदर्शित झालेलं पात्र तेच!

*

व्हॅम्पायरने रक्त पिणं मुलांच्या चॅनेलला चालेना. मग प्यायचं काय? आम्ही मराठी मंडळी सोलकढीवर अडून बसलो, कन्नड मंडळी टोमॅटोच्या सारावर. जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले. आठवडाभर नुसते वाद. शेवटी दोन्ही चित्रं चॅनेलला पाठवली.

उत्तर आलं, "पेय कोणतंही चालेल. मात्र त्याआधी व्हॅम्पायर साबणाने हात धुताना दिसला पाहिजे."

*

मराठी डबिंगमध्ये व्हॅम्पायरचा आवाज कुलकर्णीकाकांचा. काका सरकारी संशोधन संस्थेतून रिटायर झालेले. आवाज खर्जातला, पण शंका फार. माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "याला आरशात स्वतःचं तोंड दिसत नाही, असं स्क्रिप्टमध्ये आहे. मग हा भांग इतका सरळ कसा पाडतो?"

रेकॉर्डिंग थांबलं. अक्का खुर्चीत डोकं धरून बसली आणि मग आत येऊन आम्हाला म्हणाली, "सरी, ठीक आहे. भांग वाकडा करा."

अख्ख्या सिनेमातला!

*

आणि मग तो रविवार. देवनहळ्ळीकडच्या एका नव्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, सकाळी, मुलांना सिनेमा दाखवला. चॅनेलच्या मॅडम मागे बसलेल्या. मुलं सतरंजीवर. सबंध सिनेमाभर ती गप्प. किंकाळी नाही, खिदळणं नाही, नुसती टक लावून बघत होती.

संपल्यावर मॅडमनी विचारलं, "भीती वाटली?"

"नो."

"हसू आलं?"

"नो."

"मग आवडला का?"

"ओके होता. आम्ही खेळायला जाऊ?"

आणि गेलीसुद्धा. अक्का प्रोजेक्टरची वायर गुंडाळत बसली, जे काम खरं तर माझं होतं. मला फार वाईट वाटलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "नंदिनी, मला हे वर कळवावं लागेल."

"हो, कळवा," अक्का म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून एका बाईंचा आरडाओरडा ऐकू आला. आम्ही सगळे व्हरांड्यात धावलो. शेजारच्या हॉलमध्ये त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाची तयारी होती. छताला लावलेल्या गुलाबी क्रेप कागदाच्या पट्ट्यांपैकी एकही जागेवर नव्हती. आणि हिरवळीवर, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी गुंडाळलेल्या ममीच ममी, हात पुढे करून, घशातून आवाज काढत, वॉचमनच्या मागे लागलेल्या. वॉचमन पळत होता. ममी हसून हसून पडत होत्या.

"कोणी शिकवलं हे पोरांना?" बाई कडाडल्या.

मॅडमनी अक्काकडे बोट केलं. "यांनी," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या सिनेमातही याच शिकवणार आहेत."